जीप सुरू का होत नाही?

पौष महिना होता. निफाडकडची थंडी म्हणजे काय, ते त्या भागातल्या माणसांनाच विचारावे. काही रात्री तिथे पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. मग द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशाच एका पहाटे, चार वाजता, एका वस्तीवरच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सासू हातात बॅटरी घेऊन शेजारच्या अण्णांच्या दारात आली.

"अण्णा, उठा हो! जीप काढा. सुनेला कळा येतायत."

अण्णांची जीप जुनी, डिझेलवर चालणारी. अण्णा घोंगडी टाकून तसेच उठले. किल्ली फिरवली. इंजिन घुर्र घुर्र करून फिरले, पण सुरू झाले नाही. पुन्हा किल्ली मारली. पुन्हा मारली. दहा मिनिटे अण्णा किल्ली दाबूनच होते. हळूहळू इंजिनाचा आवाज जड झाला आणि शेवटी नुसते 'कट्ट' झाले. बॅटरी संपली.

कुणीतरी शहाणपणाने १०८ ला फोन केला. ती गाडी आली आणि सुनेला घेऊन गेली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून जीपचे बोलायला आज सवड आहे.

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी अर्ध्या तासात दोष काढला. डिझेलच्या रबरी नळीला एक बारीक चीर गेली होती. वीतभर नळी बदलली की काम झाले. अण्णा कपाळाला हात लावून बसले. मिस्त्री म्हणाले, "अण्णा, जीप रात्रीच बोलत होती. तुम्ही ऐकलं नाही."

"काय बोलत होती?"

"किल्ली मारताना मागच्या नळीतून धूर येत होता का?"

अण्णांना सांगता येईना. त्यांनी मागे बघितलेच नव्हते.

जुनी डिझेल गाडी बिघडली की ती काय बोलते, ते आपण समजून घेऊ. त्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात काय चालते ते कळले पाहिजे.

सायकलला हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. ते टोक गरम लागते. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचे सगळे काम या एका गोष्टीवर चालते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा शिरते. मग खालून पिस्टन वर येतो आणि ती हवा दाबतो. केवढी दाबतो? १६ ते २२ वाट्या हवा एका वाटीत कोंबावी तेवढी. एवढी दाबली की हवा ५०० अंशांच्याही वर तापते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत येतो. तापलेल्या हवेला लागताच तो आपोआप पेटतो.

हे ज्याने शोधून काढले त्याचेच नाव डिझेल. पुष्कळांना वाटते की डिझेल हे तेलाचे नाव. मूळ ते माणसाचे आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर होता. त्याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी नीट चालले. पुढे १९१३ साली बोटीने इंग्लंडला जाताना तो समुद्रात नाहीसा झाला. आज त्याचे नाव खेड्याखेड्यांत रोज घेतले जाते, आणि ते माणसाचे आहे हे घेणाऱ्याला ठाऊकही नसते!

विहिरीवरचे ऑइल इंजिन याच जातीचे. हँडल मारताना आपण आधी खटका उचलतो. त्याने हवेला वाट मोकळी होते आणि चाक हलके फिरते. चाकाने वेग घेतला की खटका सोडतो. मग हवा दाबली जाते आणि इंजिन 'धक्' करून पेटते. हळू हँडल मारले तर ते कधी पेटत नाही. ज्याने हँडल मारले आहे त्याला हे सांगायला नको. जीपचेही तसेच. तिथे हँडलचे काम सेल्फ करतो आणि सेल्फला जोर बॅटरी देते.

म्हणजे डिझेलची गाडी सुरू व्हायला काय काय लागते? इंजिन जोरात फिरले पाहिजे. हवा घट्ट दाबली गेली पाहिजे. डिझेल वेळेवर आत आले पाहिजे. आणि इंजिन गार असेल तर त्याला थोडी ऊब दिली पाहिजे. यातले एक जरी चुकले तरी गाडी अडते. काय चुकले ते ओळखण्यासाठी कान आणि डोळे उघडे ठेवायचे. पाना नंतर.

आधी कान. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही, किंवा एकदाच 'कट्ट' झाले, किंवा भराभर 'कट कट कट' झाले, तर गाडीचे दिवे लावा आणि पुन्हा किल्ली फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरीत जोर नाही, नाहीतर तिच्या जोडांना गंज धरला आहे. दिवे लख्ख राहिले आणि इंजिन मात्र हलले नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे.

पुष्कळदा बॅटरी चांगली असते आणि जोड वाईट असतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. वीज तिथेच अडते. वायर सोडवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून टोके धुवा, घासून चकचकीत करा आणि घट्ट बसवा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका. सोडवताना वजा खुणेची वायर आधी काढायची आणि बसवताना ती शेवटी लावायची. हा क्रम विसरू नका. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी एक जाड वायर असते, तिलाही हात लावून बघा. किल्ली मारल्यावर ती गरम होत असेल तर तिचा जोड खराब आहे.

बॅटरीजवळ विडी ओढू नका आणि काडी पेटवून आत डोकावू नका. बॅटरीतून पेट घेणारी हवा निघते. ती भडकली तर बॅटरी फुटते आणि तेजाब तोंडावर उडते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेताना अधिकला अधिक जोडा. वजाची वायर सगळ्यात शेवटी, आणि ती बंद गाडीच्या बॅटरीला नको, बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. ठिणगी पडली तरी मग ती बॅटरीपासून दूर पडते.

इंजिन फिरते आहे, पण म्हाताऱ्या बैलासारखे रेंगाळत? तर पुढचे काही तपासू नका. आधी बॅटरी भरून आणा. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवा तापत नाही. जी थोडी ऊब तयार होते ती गार लोखंड शोषून घेते. अण्णांनी इथेच चूक केली. किल्ली एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर दाबून ठेवू नये. मग अर्धा मिनिट तरी थांबावे. त्याने बॅटरीला दम मिळतो आणि सेल्फ जळत नाही. तीन-चारदा करूनही गाडी पेटली नाही तर ती पाचव्यांदाही पेटणार नाही. खाली उतरा आणि शोधा.

आता डोळे. इंजिन चांगले जोरात फिरते आहे, तरी पेटत नाही. अशा वेळी एकाने किल्ली मारावी आणि दुसऱ्याने धुराच्या नळीकडे बघावे. घरातले पोर उभे केले तरी चालते, फक्त गाडीच्या अगदी मागे नको, बाजूला. पांढरा, डोळे झोंबवणारा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल आत पोचतच नाही. या एका खुणेने निम्मे काम होते. मिस्त्रींनी अण्णांना हेच विचारले होते.

धूर नाही, असे धरू. टाकीत डिझेल आहे ना? हसू नका. काट्यावर विसंबू नका, जुन्या गाड्यांचे काटे खोटे बोलतात. मग बंद करायचा खटका बघा. पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत इंजिन बंद करायला एक दांडी ओढावी लागते. ती ओढली की डिझेल तोडले जाते. कधी कधी तिची तार गंजून अडकते. दांडी आत गेलेली दिसते, पण इंजिनाकडचे टोक बंदच राहते. मग दिवसभर किल्ली मारली तरी काय उपयोग? काही गाड्यांत दांडी नसते. तिथे डिझेल पंपावर विजेवर चालणारी एक झडप असते. किल्ली पहिल्या घरात फिरवली की पंपाजवळ 'टिक' ऐकू आले पाहिजे. नाही आले तर त्या झडपेची वायर सुटली आहे का ते बघा.

हे सगळे ठीक असेल तर संशय हवेवर घ्यायचा. जुन्या डिझेल गाड्यांचा हा नेहमीचा रोग. ड्रायव्हर मंडळी म्हणतात, 'गाडीनं एअर धरली.' डिझेलचा पंप तेल दाबतो. तेल दाबले की पुढे सरकते. नळीत हवेचा फुगा आला तर पंपाचा सगळा जोर तो फुगा दाबण्यातच जातो. फुगा दबतो, पुन्हा फुगतो, आणि नोझल काही उघडत नाही. डिझेल संपून गाडी बंद पडली की असे होते. फिल्टर बदलल्यावर होते. आणि नळीला चीर गेली किंवा जोड सैल झाला की हमखास होते.

यात एक गंमत आहे. टाकीकडून येणाऱ्या नळीत डिझेल ओढले जाते, दाबले जात नाही. म्हणून तिथे चीर असली तरी गाडी चालताना डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परत जाते. सकाळी नळी रिकामी. म्हणून अशी गाडी सकाळी छळते आणि एकदा सुरू झाली की दिवसभर बिनतक्रार पळते. अण्णांना मिस्त्रींनी विचारले, "चार-आठ दिवस सकाळी जास्त किल्ली मारावी लागत होती का?" अण्णा म्हणाले, "लागत होती. मला वाटलं थंडीनं असेल." अण्णांनाच काय, कुणालाही असेच वाटले असते.

हवा काढणे कुणालाही शिकता येते. एकदा मिस्त्रीजवळ उभे राहून करून घ्यावे. फिल्टरच्या डोक्यावर हवा काढायचा एक लहान स्क्रू असतो. तो दोन फेरे सैल करा. खाली चिंधी धरा. मग फीड पंपाची हातदांडी वरखाली करा. काही गाड्यांत दांडीऐवजी दाबायची मूठ असते. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. मग बुडबुड्यांवाचून सलग डिझेल येऊ लागले की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दांडी ढिली लागली आणि काहीच येत नसेल तर घाबरू नका. इंजिन अशा जागी थांबले असेल की पंपाची दांडी आतून आधीच दाबलेली आहे. किल्ली क्षणभर मारून इंजिन थोडे फिरवा आणि पुन्हा दांडी चालवा. फिल्टर झाला की मोठ्या पंपावरच्या स्क्रूचेही असेच करा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट, एक-दोन नळ्यांचे पुरे, थोडे सैल करून किल्ली मारा. तिथून डिझेल उसळले की नट आवळा. बहुतेक इंजिन तिथेच खोकल्यासारखे करून पेटते.

या शेवटच्या कामात जपायचे. नोझलमधून येणाऱ्या फवाऱ्याचा जोर टायरमधल्या हवेच्या पन्नास पटींहून जास्त असतो. तो कातडीतून सुईसारखा आत जातो. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते. दुखतही नाही. माणूस म्हणतो, 'काही नाही, लागलं थोडं,' आणि कामाला लागतो. काही तासांत हात सुजतो, आतून सडू लागतो, बोट कापायची पाळी येते. म्हणून फवाऱ्यापुढे हात, तोंड कधी धरू नका. गळती शोधायची तर पुठ्ठा धरा, बोट नको. आणि असे टोचले तर न दुखताही त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा आणि 'डिझेलचा फवारा कातडीत गेला' असे स्पष्ट सांगा. ही सगळी कृती जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांची आहे. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो आणि डिझेलचा दाब याहून कितीतरी मोठा. त्यांच्या नळ्यांना हात लावू नये.

डिझेलमध्ये पाणी असले तरीही गाडी अडते. पिंपात साठवलेल्या डिझेलच्या तळाशी पाणी बसते. काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्या आणि तासभर हलवू नका. पाणी असेल तर खाली वेगळे दिसेल. फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो, तो अधूनमधून उघडावा. डिझेलमध्ये रॉकेल मिसळून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत. या पंपाला वंगण म्हणून दुसरे काही नसते, डिझेलच त्याचे वंगण. रॉकेल पातळ, त्याने पंप झिजतो. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे मग पंप दुरुस्तीला जातात.

थंडीने डिझेल गोठते का, असे लोक विचारतात. फार थंडीत गोठते. डिझेलमध्ये मेण असते, ते घट्ट होऊन फिल्टरला बसते. लडाखमध्ये हे संकट मोठे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली हिवाळ्याचे वेगळे डिझेल काढले. निफाडच्या थंडीला डिझेल गोठले, असे कुणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता पांढरा धूर येत असेल तर. तेव्हा संशय हीटर प्लगवर घ्यायचा. हे प्लग म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेली लहानशी विजेची शेगडी. जुन्या डिझेल अँबॅसिडरमध्ये ते असतात, पुष्कळ जीपगाड्यांतही असतात. किल्ली एका घरात फिरवून थांबायचे, दिवा विझला की किंवा तार लाल झाली की मग सेल्फ मारायचा. फार जुन्या गाडीला अर्धा ते एक मिनिट लागते. घाईत माणूस थांबत नाही आणि गाडीला नावे ठेवतो.

चार प्लगपैकी एक गेला तर गाडी तीन पायांवर उठल्यासारखी उठते, थरथरते आणि थोड्या वेळाने नीट चालते. दोन-तीन गेले तर थंडीत उठतच नाही. तपासायला बारा व्होल्टचा एक दिवा पुरे. प्लगची वायर सोडवा. दिव्याचे एक टोक बॅटरीच्या अधिकला आणि दुसरे प्लगच्या टोकाला लावा. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर मेला. फार जुन्या काही इंजिनांत प्लग माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक गेला की सगळी माळ विझते. त्यांची तपासणी मिस्त्रीकडेच करावी. सगळेच प्लग गार असतील तर आधी त्यांचा फ्यूज आणि रिले बघा. प्लग विकत आणण्याची घाई नको.

काही लोक हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारतात. हीटर प्लगच्या गाडीत हे करणे म्हणजे चुलीत रॉकेल ओतणे. प्लग तापलेला असतो, ईथर वेळेआधीच भडकतो. पिस्टन फुटतात, माणसाचे तोंड भाजते. इंजिनाखाली गोवऱ्या पेटवून ऊब देण्याची चालही काही ठिकाणी आहे. इंजिन तेलकट, वर डिझेलच्या नळ्या, खाली जाळ. एवढे सांगितले की पुरे. त्यापेक्षा गरम पाण्यात बुडवून पिळलेली पोती डिझेल पंपावर आणि आजूबाजूच्या लोखंडावर टाका, वायरी भिजू देऊ नका.

धक्का मारून गाडी सुरू करता येते. बैल जुंपूनही जीप ओढलेली आहे लोकांनी! दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून ठेवा, गाडीने वेग घेतला की क्लच सोडा. पण इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो. म्हणून उतारावर, विहिरीच्या बाजूला किंवा पोरे खेळत असताना हे करू नका. आणि ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर धक्काही नको, किल्लीही नको. पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर ते हवेसारखे दबत नाही. पिस्टनची दांडी वाकते आणि इंजिन मोडीत निघते. नोझल काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय ते फिरवू नये.

प्लग चांगले, बॅटरी चांगली, डिझेल येते आहे, धूरही पांढरा, आणि तरी गाडी फक्त धक्क्यानेच उठते? तेल भरायचे झाकण इंजिन चालू असताना उघडून बघा. तिथून फसफस वाफ आणि धूर येत असेल, ऑइलही सारखे कमी होत असेल, तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत. पंपाचे चामडे झिजले की सायकलचा पंप जसा हवा दाबत नाही, तसे हे. हे काम मोठे, पैशाचे आणि कारखान्यातले. झाडाखाली होणारे नव्हे.

अण्णांच्या जीपचे एवढे काही निघाले नाही. मिस्त्रींनी वीतभर नवी नळी घातली, दोन क्लिपा आवळल्या, हवा काढली आणि ट्रॅक्टरची बॅटरी लावून किल्ली मारायला सांगितली. पहिल्या झटक्यात जीप सुरू झाली. अण्णांनी तिला चालूच ठेवले आणि बाळंतिणीचा डबा घेऊन सासूला बोलावले.

"चला काकू, दवाखान्यात सोडतो."

काकू जीपकडे बघत म्हणाल्या, "मध्येच बंद तर पडणार नाही ना?"

"नाही पडायची," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "पण अण्णा, उद्या सकाळी किल्ली माराल तेव्हा मागं एक माणूस उभा करा."